बाद पेट्यांतली किल्ली

इर्मेला श्टोत्स यांच्या जोखमींच्या तक्त्यात ‘अनधिकृत प्रवेश’ असे शब्द सापडत नाहीत. तिथे लिहिलेलं असतं, ‘बेकरीची व्हॅन उतारावर असताना कुणीतरी तिची मागची चाकं जाम करतो.’ पुढच्या रकान्यांत, हे करायला किती वेळ लागेल, काय सामान लागेल, कितपत माहिती लागेल. मग जोखमीचा आकडा, एक ते पाच. सर्वांत शेवटी एक सही. आकडा खाली आणायचा उपाय केलेला नसेल, तर ‘ही जोखीम मला ठाऊक आहे आणि ती मी पत्करतो’ असं सांगणाऱ्या माणसाची.

सल्लागार कंपनीने दिलेला मूळ तक्ता वेगळा होता. त्यातल्या एकशे चाळीस ओळी इर्मेलाबाईंनी स्वतः पुन्हा लिहिल्या. उत्पादनप्रमुख रोल्फ डेंगलर यांनी तो पाहिला तेव्हा विचारलं, “कादंबरी लिहायला घेतलीस का?”

“तुला वाचून समजलं ना?”

“समजलं.”

“मग झालं तर. आधीचा तक्ता तू सही करून परत पाठवला होतास. वाचला होतास?”

दोघं एकाच वर्षी, सोळाव्या वर्षी, जर्मनीतल्या एर्म्स नदीच्या खोऱ्यातल्या वायहिंगर कारखान्यात हत्यारं घडवायचं काम शिकायला लागले होते. तेव्हा तिथे हँडब्रेकचे दांडे बनत. इर्मेलाबाई दाते कानशीने घासून बसवत. पुढे दांडा गेला, गाडीत बटण आलं आणि बटणामागे तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पेटी आली. ती मागच्या चाकांजवळच्या दोन मोटरी फिरवते, ब्रेक आवळते आणि सोडते. इर्मेलाबाई संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तंत्रज्ञ झाल्या आणि चाचणी विभागात गेल्या. तिथे वीस वर्षं त्यांचं काम एकच होतं: वस्तू कशी मोडते ते शोधणं. गाड्यांच्या सायबरसुरक्षेचं मानक आलं आणि त्याशिवाय नवी गाडी रस्त्यावर आणता येणार नाही असा नियम झाला, तेव्हा हे काम कुणाला द्यायचं याची चर्चा झाली. सगळ्यांना वाटलं, एखादा पदवीधर आणतील. मालक थिओ वायहिंगर यांनी अठ्ठावन्न वर्षांच्या इर्मेलाबाईंना बोलावलं आणि मानकाची प्रत पुढे ठेवली.

“श्टोत्सबाई, हे वाचून सांगा, काय मागतात.”

दोन आठवड्यांनी त्यांनी सांगितलं, “चोराच्या डोक्याने विचार करा आणि काय दिसलं ते लपवू नका, एवढंच मागतात. बाकीची पानं ते कसं लिहून ठेवायचं त्याची आहेत.”

२०२४च्या वसंतात नव्या व्हॅनसाठीच्या पेटीचा तक्ता पूर्ण झाला. त्यातली एक्केचाळिसावी ओळ ‘कुणीतरी पेटीतली किल्ली काढून घेतो’ अशी होती. ही किल्ली म्हणजे बत्तीस अक्षरांची एक खूण. पेटीत नवं सॉफ्टवेअर भरायचं असेल तर आधी ही खूण दाखवावी लागते. गॅरेजच्या यंत्राला ती ठाऊक असते, दुसऱ्या कुणाला ठाऊक असता कामा नये. ती ज्याच्या हाती लागेल त्याला पेटीत हवं ते भरता येईल. गाडी उभी आहे की ताशी ऐंशीने पळते आहे, हे न बघता ब्रेक आवळायलाही लावता येईल. आणि त्यासाठी गाडीपर्यंत जायलाच हवं असं नाही. ताफ्यावर नजर ठेवायला कंपन्या गाडीत इंटरनेटची एक डबी बसवतात, तिच्यातून आत शिरता येतं. ओळीपुढे लिहिलं होतं: चिप उघडायला प्रयोगशाळा हवी, तज्ज्ञ हवेत, काही आठवडे हवेत. जोखीम: एक. खाली इर्मेलाबाईंची सही होती, शेजारी डेंगलर यांची.

एप्रिलमधल्या एका शनिवारी इर्मेलाबाईंची जिना झाडायची पाळी होती. ती सकाळीच आटोपून त्या शेजारच्या गावी गेल्या. तिथल्या व्यायामशाळेत खेळण्यातल्या रेल्वेचा बाजार भरतो. त्यांच्या तळघरात होनाउच्या घाटातल्या दातेरी रेल्वेची प्रतिकृती आहे आणि त्यांना एक सिग्नल हवा होता. तिसऱ्या टेबलामागे एगॉन मायले बसले होते, वायहिंगरमधून निवृत्त झालेले वेल्डर. त्यांच्यापुढे खोक्यात ब्रेकच्या पेट्या होत्या, अगदी नव्या नमुन्याच्या.

“घ्या बाई,” मायले म्हणाले. “इंजिन फिरवायच्या तबकडीला एकदम झकास. दोन मोटरी ओढते आणि गरमही होत नाही.”

“कुठून आणल्यात, एगॉन?”

“कुठून म्हणजे? मांडणीवरून. जावई आणतो. तुम्हीही नेता की!”

हे खरं होतं. कारखान्याच्या दुसऱ्या फाटकाजवळ एक लोखंडी मांडणी आहे. चाचणीत नापास झालेला माल तिच्यावर ठेवायचा आणि घरी जाताना ज्याला हवा त्याने न्यायचा, हा रिवाज आत्ताच्या मालकांच्या आजोबांपासून चालत आला आहे. चांगली वस्तू फेकणं त्या खोऱ्यात कुणाला जमत नाही. दांडे होते तेव्हा लोक त्यांची बागेची फाटकं करत. आता पेट्या नेतात. एकाने कोंबड्यांच्या खुराड्याचं दार पेटीवर बसवलं आहे, ते उजाडताच आपोआप उघडतं. इर्मेलाबाईंच्या तळघरातही दोन पेट्या होत्या.

“आणि घेतं कोण?” त्यांनी विचारलं.

“सगळेच. गेल्या महिन्यात उल्महून एकजण आला, दहा घेऊन गेला.”

“रेल्वेसाठी?”

मायले यांनी खांदे उडवले. “मी नाही विचारलं. रेल्वेवाला असता तर दोन नेल्या असत्या.”

इर्मेलाबाईंनी एक पेटी घेतली. सिग्नल राहूनच गेला.

सोमवारी सकाळी सात वाजता त्यांनी ती चाचणी विभागात नेली, झाकण काढलं आणि साधी केबल जोडली. तयार पेटीत ही जागा बंद असते. ती बंद करण्याचं काम लाइनवर अगदी शेवटी, चाचणीत पेटी पास झाल्यावर होतं. किल्ली मात्र दुसऱ्याच टप्प्यावर भरली जाते, कारण पुढच्या तपासण्यांना ती लागते. म्हणजे नापास झालेल्या प्रत्येक पेटीत किल्ली असते आणि दार उघडं असतं. अकरा मिनिटांत बत्तीस अक्षरं पडद्यावर आली. लाइनवरून नुकतीच उतरलेली एक चांगली पेटी मागवून त्यांनी ती अक्षरं तिला दाखवली. पेटी उघडली. सगळ्या पेट्यांची किल्ली एकच होती.

एक्केचाळिसाव्या ओळीत त्यांनी ‘काही आठवडे’ खोडून ‘अकरा मिनिटं’ लिहिलं. ‘प्रयोगशाळा’ खोडून ‘केबल’. ‘तज्ज्ञ’ खोडला, त्या जागी काहीच लिहिलं नाही. जोखमीचा आकडा एकचा पाच झाला.

व्हॅन बनवणाऱ्या कारमेकर कंपनीची तपासणी दहा दिवसांवर होती. तीत ही पेटी पास झाली नाही, तर ऑर्डर दुसऱ्या पुरवठादाराकडे जाणार होती आणि लाइनवर तीनशे माणसं होती. तक्त्याखाली सही मात्र इर्मेलाबाईंची लागणार होती. त्या सहीशिवाय मालसुद्धा बाहेर पडत नव्हता.

नऊच्या सुट्टीत डेंगलर लोणी लावलेला ब्रेत्सेल, पीळ दिलेला खारा पाव, खात उभे होते. इर्मेलाबाईंनी तक्ता समोर धरला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला.

“तू मांडणीला चोर म्हणतेस?”

“मी कुणालाच चोर म्हणत नाही. केबल लावली आणि अकरा मिनिटं मोजली.”

“आपली माणसं आहेत ती, इर्मेला. फाटकातून जाणारं प्रत्येक तोंड मला ओळखीचं आहे.”

“मलाही. म्हणून तर मी चाळीस वर्षं मांडणीसमोरून गेले आणि काही दिसलं नाही. रशिया, चीन, सगळ्यांचा विचार केला आपण. फाटकापर्यंत आलोच नाही. उल्मच्या त्या माणसाचं तोंड ओळखतोस का?”

डेंगलर यांनी ब्रेत्सेलचा तुकडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. चूक शोधण्यात ते वेळ घालवत नाहीत, उपायाला लागतात. “परत आणतो,” ते म्हणाले. “सगळ्या. शुक्रवारपर्यंत. मग तुझा आकडा खाली आण.”

आणि त्यांनी खरोखरच आणल्या. फलकावर एक कागद लागला: ‘नव्या नमुन्याच्या बाद पेट्या परत कराव्यात. कारण विचारू नये. डेंगलर.’ लोकांनी कारण विचारलं नाही, शेरे मारले. एकाने पेटीवर चिठ्ठी चिकटवली, ‘माझ्या कोंबड्या आता अंधारात आहेत, जबाबदारी तुमची.’ दुसऱ्याने खिडकीचा पडदा सरकवणारी पेटी तारांसकट आणली. डेंगलर स्वतः मायलेंकडे जाऊन खोकं घेऊन आले. इर्मेलाबाईंनी तळघरातल्या दोन आणल्या. शुक्रवारी दुपारी चाचणी विभागाच्या फरशीवर तीनशे एकेचाळीस पेट्या मांडल्या गेल्या.

“किती नापास झाल्या होत्या?” इर्मेलाबाईंनी विचारलं.

चाचणीचं यंत्र मोजत असतं. डेंगलर यांना आकडा पाठ होता. “तीनशे अठ्ठ्याऐंशी.”

“म्हणजे सत्तेचाळीस बाहेर.”

“तीनशे एकेचाळीस आत! चार दिवसांत! कुठल्या कारखान्याला जमलं असतं सांग.”

“कुणालाच नाही.”

“मग? पाचाचे दोन तरी कर.”

“रोल्फ, समज तुझ्या घराच्या किल्लीच्या तीनशे अठ्ठ्याऐंशी नकला झाल्या. तीनशे एकेचाळीस परत आल्या. रात्री झोपशील?”

“मी कुलूप बदलीन,” डेंगलर चिडून म्हणाले आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं. कुलूप बदलायचं म्हणजे लाइनची रचना बदलायची: किल्ली शेवटच्या टप्प्यावर न्यायची, मधल्या तपासण्या तिच्याशिवाय बसवायच्या, प्रत्येक पेटीला वेगळी किल्ली द्यायची. वर कारमेकरच्या चाचणीच्या गाड्यांत आधीच बसलेल्या बाराशे पेट्यांतली किल्लीही बदलायची. “तीन आठवडे,” ते म्हणाले. “निदान. आणि तपासणी गुरुवारी आहे.”

“म्हणून तर मालकांकडे जाऊ या.”

थिओ वायहिंगर यांनी दोघांचं ऐकून घेतलं. त्यांच्या खोलीत आजोबांचा फोटो नाही, पहिला दांडा आहे, भिंतीवर ठोकलेला. ते बराच वेळ तक्ता वाचत होते.

“श्टोत्सबाई, तपासणारे ही ओळ उघडतीलच असं नाही. एकशे चाळीस ओळी आहेत.”

“नाही उघडणार कदाचित.”

“आकडा तीन ठेवला, पुढे ‘उपाय सुरू आहे’ असं लिहिलं, तर ते खोटं होईल का?”

“उपाय सुरू आहे हे खरं होईल. तीन हे खोटं होईल.”

“जोखीम पत्करायचीही सोय आहे ना मानकात? मी वाचलंय.”

“आहे,” इर्मेलाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर एकच वाक्य टाइप केलेलं होतं आणि खाली सहीची रेघ होती. ‘ब्रेकची किल्ली सत्तेचाळीस अनोळखी ठिकाणी आहे हे मला ठाऊक आहे आणि तरीही या पेट्या गाड्यांत बसवायला मी परवानगी देतो.’

“माझं काम ओळ लिहायचं. पत्करायचा अधिकार तुमचा. हे वाक्य तुम्हाला मान्य असेल तर सही करा, मी तक्त्याला जोडते.”

डेंगलर म्हणाले, “इर्मेला, असं कुणी लिहितं का!”

“मग कसं लिहायचं? सांग, लिहिते.”

डेंगलर यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, कारण ते ओठ हलवत दोन-तीन वाक्यं जुळवून पाहत होते. शेवटी म्हणाले, “दुसरं काही सुचत नाही.”

वायहिंगर यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. “व्हॅन कोण कोण घेणार आहे?”

“बेकऱ्या,” इर्मेलाबाई म्हणाल्या. “टपाल. वृद्धांना जेवण पोचवणारे. आणि आपल्या खोऱ्यातून सगळे घाटानेच वर जातात.”

“डेंगलर, तीन आठवडे म्हणालात. अडीच होतील?”

“रविवारी काम करायला लोक येत असतील तर.”

“विचारा. आणि गुरुवारी तपासणारे आले की ही ओळ आपणच आधी उघडायची. त्यांनी शोधली तर आपण लबाड, आपण दाखवली तर नुसते मूर्ख. मूर्ख माणसाची ऑर्डर कधीकधी टिकते.”

“टिकेल,” इर्मेलाबाई म्हणाल्या. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या सहसा भविष्य सांगत नाहीत.

गुरुवारी कारमेकरकडून हार्म बॉयसन आले. उत्तर समुद्राकडचा माणूस, मोजकं बोलणारा. खोऱ्यातल्या लोकांना तो आपल्यातलाच वाटला, फक्त त्याची भाषा जरा जास्त शुद्ध होती. इर्मेलाबाईंनी पहिलीच ओळ एक्केचाळिसावी लावली. केबल, अकरा मिनिटं, मांडणी, बाजार, उल्म, सगळं क्रमाने सांगितलं. मायले यांचं आणि त्यांच्या जावयाचं नाव मात्र सांगितलं नाही.

बॉयसन यांनी विचारलं, “म्हणजे तुमची माणसं सदोष सुरक्षा-भाग घरी नेतात?”

“नेत होती,” डेंगलर म्हणाले. “कोंबड्यांसाठी.”

“कशासाठी?”

डेंगलर यांनी खुराड्याच्या दाराची गोष्ट सांगितली. बॉयसन हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, “पेटी गाडीत बसायचीच नाही, मग तिचं दार बंद करायचा प्रश्न कुठे येतो, असा विचार केला तुम्ही?”

“हो. बाद म्हणजे निरुपयोगी, असं धरलं,” इर्मेलाबाई म्हणाल्या. “ब्रेक म्हणून ती निरुपयोगीच होती. किल्ली म्हणून चांगली होती. ही चूक माझी. पहिल्या तक्त्यावर माझी सही आहे, ती मी काढलेली नाही.”

“सत्तेचाळीस पेट्या शोधायला आणखी किती दिवस लागतील?”

“शोधणार नाही.”

बॉयसन यांनी पेन खाली ठेवलं. डेंगलर यांनी खुर्चीत हालचाल केली.

“शेवटची सापडेपर्यंत आधीच्या कुणी उघडल्या आणि किती नकला झाल्या, हे मला कळणार नाही,” इर्मेलाबाई म्हणाल्या. “त्यामुळे शोधून आकडा खाली येत नाही. ती किल्ली मेली, की त्या सत्तेचाळीस पेट्या खरंच कोंबड्यांच्या कामाच्या राहतील. आम्ही ती मारतोय. बाराशे पेट्यांसह. हा आराखडा.”

बॉयसन यांनी आराखडा वाचला. दुपारी भोजनगृहात मसूर आणि श्पेत्सले, तिकडच्या जाड शेवया, होत्या. जेवतानाही ते वाचतच होते, मधूनच प्रश्न विचारत होते: नवी किल्ली कोण तयार करणार, कुठे ठेवणार, लाइन बंद पडली तर रात्रपाळीचा माणूस जुन्या पद्धतीने पेट्या काढू शकतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ होतं. इर्मेलाबाईंनी ताटाशेजारीच तक्त्यात एक नवी ओळ घातली.

संध्याकाळी बॉयसन यांनी निकाल सांगितला. गंभीर त्रुटी म्हणून नोंद. पुरवठा तीन आठवडे पुढे. ऑर्डर कायम, पण एका अटीवर: नव्या लाइनवरच्या पहिल्या पेट्यांवर तीच केबल, तीच चाचणी, आणि सही त्यानंतर. फाटकापाशी निरोप घेताना ते म्हणाले, “यंदा नऊ कारखाने पाहिले. सगळ्यांच्या तक्त्यात हल्लेखोर परदेशात राहतो.”

रविवारी कामाला किती लोक येतील, असं डेंगलर यांनी फलकावर विचारलं होतं. चौसष्ट आले. चर्चची वेळ झाली तेव्हा अकराजण जाऊन आले आणि पुन्हा कामाला लागले. मधल्या तपासण्या किल्लीशिवाय चालवायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी लाइन अडली, कारण एक जुनं मोजमापयंत्र किल्लीशिवाय बोलायलाच तयार नव्हतं. इर्मेलाबाई आणि डेंगलर यांनी मिळून ते उघडलं, पस्तीस वर्षांपूर्वी उघडत तसं, एकमेकांवर खेकसत.

“पाना दे. तो नाही, दहाचा.”

“दहाचाच आहे.”

“मग डोळे तपासून घे, हा अकराचा आहे.”

तो अकराचाच होता. दुपारपर्यंत यंत्र बोलायला लागलं.

मे महिन्याच्या एकविसाव्या तारखेला सकाळी नव्या लाइनवरून पहिल्या वीस पेट्या उतरल्या. इर्मेलाबाईंनी त्यांतल्या कुठल्याही पाच उचलायला सांगितल्या आणि आणखी तीन लाइनवरच मुद्दाम चाचणीत नापास करून घेतल्या. बाद पेट्यांपासून सुरुवात केली. झाकण काढलं, केबल जोडली. अकरा मिनिटं झाली. आत किल्लीच नव्हती, ती भरायची वेळच आली नव्हती. मग चांगल्या पेट्या. तिथे दार बंद होतं. त्यांनी तासभर प्रयत्न केले, सल्लागारांनी सुचवलेले आणि न सुचवलेले. जुनी बत्तीस अक्षरं दाखवली, पेटीने नाकारली. मग कारमेकरच्या यंत्रावरून एका पेटीची खरी किल्ली घेऊन दुसरीला दाखवली. तिनेही नाकारली.

डेंगलर दारात उभे होते. बाहेर ट्रक लागला होता आणि चालकाने दोनदा विचारून झालं होतं.

“आता?” ते म्हणाले.

“आता रात्रपाळीची ओळ. जुनी पद्धत बंद केली का?”

“काल मी स्वतः काढली.”

“दाखव.”

ते लाइनपर्यंत चालत गेले. जुन्या टप्प्याच्या जागी चार बोल्टची भोकं होती आणि आजूबाजूची फरशी नव्याने पुसलेली दिसत होती. इर्मेलाबाईंनी संगणकावर जाऊन जुनी पद्धत मागितली. संगणकाने असं काही नसल्याचं सांगितलं. गाड्यांतल्या बाराशे पेट्यांची किल्ली बदलल्याचं कारमेकरने आधीच कळवलं होतं.

त्या परत आल्या, तक्ता उघडला आणि एक्केचाळिसाव्या ओळीतल्या पाचाचा एक केला. शेजारी कारण लिहिलं, दीड ओळीत. मग खाली सही केली, तारीख घातली आणि कागद डेंगलर यांच्याकडे सरकवला.

त्यांनी यावेळी सगळ्या ओळी वाचल्या, वरपासून. त्याला चाळीस मिनिटं लागली. ट्रकचालकाने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा डेंगलर यांनी मान वर न करता त्याला थांबायची खूण केली आणि पान उलटलं.